कंट्रोलरला माहीत असलेली गोष्ट

जनूतात्यांवर मी जेवढी चिडले, तेवढी सख्ख्या नवऱ्यावरही कधी चिडले नसेन. नवऱ्यावर चिडलं की तो निदान गप्प बसतो. तात्यांवर चिडलं की ते आपल्यालाच समजावायला निघायचे. “सुनबाय, गरम नका होऊ. पुढं सरका, पुढं जागा हाय.” भांडण असो, मयत असो, लग्नाची पंगत असो, त्यांचं हे एकच वाक्य. त्यांनी सगळी उमर एसटीत कंडक्टरकी केली होती, मुरबाड डेपोला. रिटायर झाल्यावर खाकी ट्रंकेत गेली, पण कंडक्टर काही अंगातून उतरला नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून. त्यांचं नि आमचं अंगण एकच, मधे फक्त तुळस. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांची ‘सुनबाय’ झाले, त्यांना मुलगा नसतानाही. एकुलती मुलगी मंगल, ती मुरबाडला दिलेली. मी शहापूरच्या एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. म्हणजे रोज सकाळी मला एसटी पकडायची असते, आणि रोज सकाळी स्टॉपवर तात्या हजर.

तिथे त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. पण गाडी दिसली की ते उठायचे. “शहापूरवाले म्होरं. मुरबाडची ही नाय, बसा गुमान. आज्जे, पिशवी पायाशी घे. सुट्टे काढून ठेवा रे.” सगळे चढले की ते गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आत पगारी कंडक्टर असायचा, पण ड्रायव्हर लोकांना सवय लागली होती, ते तात्यांच्या थापेवर गाडी सोडायचे. एकदा तर खरा कंडक्टर टपरीवर चहा घेत राहिला आणि गाडी निघाली. तो बिचारा पेला हातात घेऊन मागून धावतोय आणि तात्या त्यालाच ओरडतायत, “टायमावर चढायला काय होतं तुमाला?”

उन्हाळ्यात एकदा वरच्या पाड्यावरची एक म्हातारी करवंदं विकायला शहापूरला निघाली होती. गाडीत चढल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरी टोपली वाटेवरच्या झाडाखाली राहिली. तात्यांनी पत्र्यावर एक थाप मारली. गाडी थांबली ती थांबलीच. म्हातारी आपल्या चालीनं गेली, आपल्या चालीनं आली. मी खिडकीतून ओरडतेय, “तात्या, माझे पेशंट उपाशीपोटी बसलेत तिकडे!”

“पेशंट कुठं पलतोय? म्हातारीचा बाजार पलेल.”

वर म्हातारीनं खूश होऊन सगळ्या गाडीला करवंदं वाटली. मी जांभळ्या बोटांनी ड्युटीवर पोचले आणि मॅडमची बोलणी खाल्ली. मॅडम म्हणजे आमच्या सेंटरच्या रेडिऑलॉजिस्ट. त्या फारशा बोलत नाहीत, पण चष्म्यावरून बघतात. ते जास्त लागतं.

होळीपासून तात्यांना खोकला होता. धूळ गेली, मोहोर बाधला, गार पाणी प्यालो, अशी रोज नवी कारणं. खरं कारण गोठ्यात होतं. नोकरीत असताना गाडी स्टँडला लागली की एक बिडी नि सुटायच्या आधी एक, असा त्यांचा नेम. रिटायर झाल्यावर सोडली म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि गोठ्यात जाऊन ओढायला लागले. गोठ्याच्या कौलांतून धूर निघाला की त्यांच्या घरच्या, हिराकाकू, शांतपणे म्हणायच्या, “आमची म्हस बिडी ओढते.”

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा काकू माझ्याकडे आल्या. शहापूरच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला आणि लगेच सीटी सांगितला. तो माझ्याच हाताखाली झाला. तात्यांना टेबलावर झोपवलं, समजावलं, “मी काचेपलीकडून माइकवर सांगेन. श्वास घ्या म्हटलं की घ्यायचा, धरा म्हटलं की धरायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही.” ते म्हणाले, “म्हाईत हाय.” तात्यांना सगळंच माहीत असायचं.

मी काचेपलीकडे गेले, माइकवर म्हटलं, “श्वास घ्या. धरा.”

“धरला!” तात्या आतून ओरडले.

धरला म्हणायला तो सोडावा लागतो. सगळी चित्रं हलली. मी परत त्यांच्याजवळ गेले, पुन्हा समजावलं. पुन्हा “धरा” म्हटलं. या वेळी तोंड मिटलेलं होतं, पण टेबल सरकायला लागल्याबरोबर त्यांनी मशीनच्या कडेवर दोन थापा मारल्या. गाडी त्यांनी सोडल्याशिवाय कशी निघेल? तिसऱ्या खेपेला मी त्यांचे हात डोक्यावर पट्ट्यानं बांधले. बाहेर पेशंटांची रांग लागली होती आणि तात्या झोपल्याझोपल्या विचारत होते, “गर्दी हाय का गो भाईर?”

मग पडद्यावर चित्रं आली आणि माझा राग गेला. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला गाठ होती, आणि उरलेलं दोन्हीकडचं फुफ्फुस बिड्यांनी जुनं झालेलं, वाळवी लागलेल्या लाकडागत पोकळ. रिपोर्टबद्दल आम्ही बोलायचं नसतं, ते मॅडमचं काम. पण घरी जाताना गोठ्यातून धूर दिसला आणि मला असा संताप आला की मी सरळ आत जाऊन त्यांच्या तोंडातली बिडी काढून शेणात खुपसली. ते बघत राहिले. त्यानंतर त्यांनी खरंच ओढली नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपास झाला. कॅन्सर. फुफ्फुसात दम नाही म्हणून ऑपरेशन नको, शेक द्यायचे असं ठरलं. शेक म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. तात्यांबरोबर डॉक्टरांना भेटायला काकू, मंगल आणि मी गेलो. मी एवढ्यासाठी, की मला यातलं कळतं असा गावाचा समज आहे.

तिथले डॉक्टर तरुण होते आणि बोलायला चांगले. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर एक नवीन प्रोग्रॅम होता. आधी शेक घेतलेल्या पुष्कळ पेशंटांचे सीटी त्याला दाखवलेले, पुढे कुणाला त्रास झाला नि कुणाला नाही तेही सांगितलेलं. आता नव्या माणसाचा सीटी घातला की तो अंदाज द्यायचा, शेकानंतर ह्याच्या फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका किती. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. तात्यांची फुफ्फुसं रंगवलेली होती, बराचसा भाग तांबडा.

“तुमचा धोका जास्त दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “सूज येईलच असं नाही. पण आली तर शेक संपल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते. कोरडा खोकला, बारीक ताप, दम. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी कळवायचं. लगेच गोळ्या सुरू केल्या तर सूज आटोक्यात राहते. उशीर झाला तर जिवावर बेततं. कळलं ना, काका?”

तात्या स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी विचारलं, “ह्या मशिनीत माजं नाव हाय?”

“नावावर नाही चालत ते. पण तुमचा सीटी आहे ना त्यात.”

“म्हंजे मी रेकॉर्डला हाय.”

“हो, आहात,” डॉक्टर हसून म्हणाले.

तात्या एकदम निर्धास्त झाले. येताना मला सांगत होते की नोकरीच्या शेवटी शेवटी तिकिटाची मशिनी आली, तेव्हा सगळे कंडक्टर कुरकुरले, ते एकटे खूश होते. “पेटीपंच व्हता तवा कंडक्टर बोलेल ते खरं. मशिनीचं तसं नाय. इकडं तिकीट काढलं का तिकडं डेपोत कललं. मानूस खोटं बोलंल, मशीन नाय बोलनार.” मी खिडकीतून बाहेर बघत हं हं करत होते. त्यात काय ऐकायचं होतं ते मला तेव्हा कसं कळावं?

शेक झाले. तात्यांनी ते छान सोसले. गाठ आकसली. पावसाळ्यात ते पुन्हा स्टॉपवर उभे राहायला लागले, छत्री घेऊन, आणि मी रोज विचारायचे, “खोकला? ताप? दम?” ते म्हणायचे, “काय नाय. चढा तुमी, गाडी खोळंबली.” डॉक्टरांचा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या भिंतीवर चिकटवला होता.

दिवाळीनंतर माझी ड्युटी बदलली. मी अंधारातच पहिल्या गाडीनं जायला नि अंधार पडल्यावर यायला लागले आणि तात्या काही दिसेनात. पहाटेचं गार, म्हणून येत नसतील असं वाटलं. मग एका रविवारी खळ्यावर आमच्या भाताची झोडणी चालली होती. दुपार झाली तरी तात्या तिथे आले नव्हते. आमच्या गावात कुणाचीही झोडणी असो, तात्या खळ्याच्या कडेला बसून हुकूम सोडणार नाहीत असं होतच नाही. मी हातातलं काम टाकून त्यांच्या घरी गेले.

ते ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. खांदे वरखाली होत होते. मला बघून ‘बसा’ म्हणाले, आणि तेवढा एक शब्द बोलायला त्यांना मधे थांबावं लागलं. मग खोकला आला, कोरडा, थांबेचना. कपाळाला हात लावला तर कढत.

“कधीपासून?” मी विचारलं.

“झालं असंल पंधरवडा.”

“आणि फोन? फोन कुणाला केला?”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“तेच तर,” तात्या म्हणाले. दम घेत घेत, अगदी समजुतीच्या सुरात. “त्यांनीच सांगतलं व्हतं खोकला येनार म्हून. मशिनीनं आधीच सांगतलं ना. आता आला. मग त्यांना म्हाईतच हाय. परत काय सांगायचं?”

मी काकूंकडे बघितलं. काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “मी रोज बोलत व्हते, सुनबायला सांगा. तं मला बोलले, तिकडं रेकॉर्डला सगळं हाय, उगा त्यांना तरास नको. मला वाटलं तुमचं बोलनं झालं असंल.”

“अहो तात्या, मशीननं अंदाज सांगितला होता! अंदाज! ते काय तुमच्या छातीत बसलंय का? त्यात तुमचा जुना फोटो आहे नुसता!” मी ओरडत होते. खळ्यावरची माणसं बघायला लागली होती.

मग त्यांनी मला टोकावड्याची गोष्ट सांगितली. एवढा दम लागलेला असतानाही. नोकरीला नवे होते तेव्हा माळशेज घाटात दरड आली. मुरबाड डेपोच्या कंट्रोलरनं, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या साहेबानं, निघतानाच सांगितलं होतं की घाटात खोळंबा आहे, गाडीला उशीर होणार. तरी तात्यांनी घाटाखाली टोकावड्याला उतरून कुणाच्या तरी दुकानातून डेपोला फोन लावला, की साहेब, गाडीला उशीर होतोय. परत आल्यावर कंट्रोलरनं भर स्टँडात सगळ्यांना ऐकू जाईल असं झापलं. मीच तुला सांगितलं नि मलाच शिकवतोस? तेव्हापासून तात्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. कंट्रोलरला माहीत असलेली गोष्ट कंडक्टरनं परत सांगायची नसते. उलट कंट्रोलरच विचारतो, गाडी कुठे आली म्हणून.

“मी वाट बघत व्हतो,” ते म्हणाले. “वाटलं, इचारतील. आला का खोकला, म्हून.”

मोबाइल त्यांच्या उशाशी होता. चार्जरला लावून ठेवलेला, आवाज मोठा केलेला.

अशा माणसाचं काय करायचं? डोकं आपटून घ्यावं की त्यांचं आपटावं? मी दोन्ही केलं नाही. गाडी मागवली, डॉक्टरांना फोन लावला आणि रस्ताभर तात्यांना बोलत राहिले. बोलले नसते तर रडले असते.

ते हॉस्पिटलात ऑक्सिजनवर राहिले. गोळ्या-इंजेक्शनांनी सूज उतरली. पण पंधरवड्यात ती बरीच पसरली होती, उतरली तरी मागे घट्ट चट्टे ठेवून गेली. तेवढं फुफ्फुस कामातून गेलं ते गेलंच. वेळेवर कळवलं असतं तर एवढं झालं नसतं, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सांगताना तेही चिडले होते. त्यांचा प्रोग्रॅम बरोबर ठरला होता, पेशंटनं त्याच्यावर जरा जास्तच विश्वास टाकला होता.

घरी आणल्यावर मी तात्यांना स्वच्छ शब्दांत दम भरला. “यापुढे मशीन कंट्रोलर नाही. मी कंट्रोलर. मला सगळं सांगायचं. मला माहीत असलं तरी सांगायचं.”

हे बोलले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

रोज फोन सुरू झाला. मी इकडे पेशंटला टेबलावर झोपवतेय आणि तिकडे फोन वाजतोय. सुरुवात ठरलेली. “सुनबाय, तुमाला म्हाईत असंल, पन सांगतो. खोकला नाय. ताप नाय. दम हाय, पन बसायला जागा हाय.” एवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले? मग मुरबाडची गाडी उशिरा आली, ड्रायव्हर नवीन होता, गाभण म्हशीनं चारा टाकला, आज दोनदा शिंकलो, त्यातली एक शिंक मिरचीच्या फोडणीची धरायची की नाय. मी म्हणायचे, “तात्या, खोकला, ताप, दम. तीनच गोष्टी.” ते म्हणायचे, “बराबर,” आणि म्हशीवर यायचे. एकदा मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “कोण?” मी म्हटलं, “आमचा कंडक्टर.” दुसऱ्या दिवसापासून त्याच विचारायला लागल्या, “आज गाडी वेळेवर आहे ना?”

स्टॉपपर्यंत आता त्यांना एका दमात जाता येत नव्हतं. वाटेत दोन दगड ठरवून ठेवले होते बसायला. तरी जायचे. थाप मारायला हात पुरत होता, ओरडायला श्वास पुरत नव्हता. मग लोकच आपापसात म्हणायचे, “पुढं सरका.”

पुढच्या उन्हाळ्यात फोनवर ते म्हणाले, “तुमाला म्हाईत असंल, पन सांगतो. पाठ दुखते. रातचं झोपू देत नाय.” त्याच दिवशी सांगितलं होतं. शहाण्यासारखं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना सेंटरला आणलं. टेबलावर झोपवलं, काचेपलीकडे गेले, माइकवर म्हटलं, “श्वास घ्या. धरा.”

आतून काही आवाज आला नाही. हातही हलला नाही. त्यांना श्वास धरता येतच नव्हता, छाती आपली भराभर हलत राहिली. मी म्हटलं, “राहू द्या तात्या, हळूहळू घेत राहा.” मला त्या “धरला”ची एवढी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

कॅन्सर परत आला होता, मणक्यात उतरला होता, दुसऱ्या फुफ्फुसातही. मॅडमनी मंगलला आत बोलावून सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनीही फोटो पाहून सांगितलं की आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. मंगल म्हणाली, “बाबांना सांगू नका. मी मुरबाडला घेऊन जाते, हवापालट म्हणून.” ठरलं. आम्ही सगळे तात्यांसमोर हसून बोलायला लागलो. माझ्याच्यानं ते होत नव्हतं. ज्या माणसाला ‘सगळं सांगा’ म्हणून इतके महिने झापलं, त्याच्यापासून आता मीच लपवायचं?

मंगलच्या नवऱ्यानं गाडी आणायची म्हटलं. तात्यांनी नाही म्हटलं. मुरबाडला जायचं तर एसटीनं. काकू रडल्या, मंगल भांडली, मी पुन्हा एकदा चिडले. मणक्याला धक्के बसतील, दम लागेल, मधेच काही झालं तर? तात्या म्हणाले, “रस्ता म्हाईत हाय मला. खड्डे सुदिक.” शेवटी पुढची सीट धरून, उशी-गोधडी लावून त्यांना बसवलं. सगळा स्टॉप मदतीला आला होता. ती करवंदवाली म्हातारीपण होती. गाडीवर तरुण कंडक्टरबाई होती. ती तिकीट मशीन हातात घेऊन दारातच थांबली होती. घंटी द्यायची घाई तिनं केली नाही.

मी खाली खिडकीशी उभी होते. सांगत होते, “पोचल्यावर फोन करा. गोळ्या मंगलकडे आहेत. दुखलं तर सांगायचं, अंगावर काढायचं नाही.”

तात्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी टाचा उंचावल्या. त्यांना बोलायला वेळ लागला.

“सुनबाय, तुमाला म्हाईत असंल,” ते म्हणाले, “पन सांगतो. मी काय आता परत येनार नाय.”

मंगल मागच्या सीटवर पिशव्या लावत होती, तिनं ऐकलं नाही. मला म्हणायचं होतं, काहीतरीच काय बोलता. तोंडावर आलंही होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की कंट्रोलरनं आता तरी खरं सांगावं.

“हो तात्या,” मी म्हटलं. “मला माहीत आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. आवाज फारसा आला नाही. पण ड्रायव्हरचं आरशात लक्ष होतं, त्यानं गाडी सोडली.